मावळ्याचा वेष शिवायचा म्हणजे नेमकं काय शिवायचं?

प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्याकडचा ट्रेकिंग ग्रुप आहे, १५ मुलं आणि ३ मुली, ६ जूनला रायगडावर जाणार. दरवर्षी ड्रेपरीवाल्याकडून मावळ्याचे ड्रेस भाड्याने आणतात, यंदा स्वतः शिवायचेत. एकाच्या आईकडे साधं पायाचं मशीन आहे, बजेट माणशी हजार-बाराशे, आणि दिसायला "अगदी त्या काळातलं" पाहिजे. कापड कुठलं घ्यायचं, पॅटर्न कुठला, मशीन चालेल का?

मी गेली अठरा वर्षं नाटकांचे आणि असल्या कार्यक्रमांचे कपडे शिवते, त्याआधी आजोबांच्या दुकानात काज-बटण करत बसायचे, त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, तुम्हाला वाटतंय तेवढं शिवायचंच नाहीये. मावळा म्हणजे मावळात राहणारा, सह्याद्रीच्या खोऱ्यातला शेतकरी गडी. त्याच्या अंगावर जे असायचं त्यातलं बरंचसं सुईला लागलेलंच नसायचं. डोक्याला मुंडासं गुंडाळायचं, कमरेला धोतर किंवा नुसती लंगोटी, खांद्यावर घोंगडी. शिवलेलं असेल तर एखादी बंदांची बंडी आणि फार तर मांडचोळणा, म्हणजे मांडीपर्यंतची तोकडी चड्डी. आणि तेही सगळे सरळ चौकोनी तुकडे, कारण कापड विणायला माणसाचे दिवस जायचे, गोल गोल कापून चिंध्या फेकायची चैन कुणाला परवडणार. एवढं डोक्यात बसलं की ड्रेपरीचा ड्रेस का चुकीचा दिसतो ते आपोआप कळतं. सॅटिन, मखमल, जरीची लेस हे तर आहेच, पण खरा घोटाळा बेतात असतो, आजच्या शर्टासारखा गोल मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, कापतात, पुढे वेल्क्रो लावतात आणि वरून खोटे बंद चिकटवतात.

नमुना कुठे बघायचा हा पुढचा प्रश्न येतोच. गरिबाचा कपडा म्युझियमपर्यंत पोचत नाही, तो आधी ठिगळात जातो, मग गोधडीत आणि शेवटी पोतेऱ्यात. चित्रकारांनी काढले ते राजे, सरदार आणि त्यांच्या आजूबाजूची माणसं, म्हणजे दरबारात जाण्याइतके कपडे असलेली. मला जास्त उपयोग झाला तो परक्यांनी काढलेल्या चित्रांचा. रोमच्या कासानातेन्से लायब्ररीत साधारण १५४० च्या सुमाराचा पोर्तुगीज चित्रांचा एक अल्बम आहे, त्यात इकडची कष्टकरी माणसं काढलीयत. लिन्शोटेन नावाचा डच माणूस १५८३ ते १५८८ गोव्यात होता, त्याच्या १५९६ साली छापलेल्या प्रवासवर्णनात गोव्याच्या शेतकऱ्यांचं चित्र आहे, ते बघा, पुरुषाच्या अंगावर लंगोटीपलीकडे फारसं काही नाही. आता हे राज्याभिषेकाच्या, म्हणजे १६७४ च्या, आधीचं आहे आणि कोकणपट्टीचं आहे हे मान्य, पण सरदाराची फॅशन दहा वर्षांत बदलते, नांगरामागे चालणाऱ्याची शंभर वर्षांत नाही, असं माझं मत. आणि बंदांच्या बंडीचा जिवंत नमुना बघायचा असेल तर संक्रांतीला सोलापूरला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत जा, नंदीध्वज पेलणारी माणसं आजही पांढरी बाराबंदी घालतात. एवढा उंच, जड ध्वज पेलताना बगलेत कापड कसं वागतं ते तिथे नीट बघता येतं, मी दोन वर्षं फक्त बगला बघून आले, लोक काय म्हणाले असतील कुणास ठाऊक.

कापड. मांजरपाट, म्हणजे साधं सुती कापड, घ्या, कोरा, न धुतलेला, तो पिवळसर रंगाचा असतो तोच. खादी भांडारातली जाडी खादी अजून चांगली पण १८ जणांची तुमच्या बजेटमध्ये बसणार नाही, एखाददुसऱ्याची करा. पांढराशुभ्र लाँगक्लॉथ नको, फोटोत तो डॉक्टरच्या कोटासारखा चमकतो. पॉलिएस्टर मिसळलेलं तर अजिबात नको, जूनमध्ये रायगड चढताना आधी घामाने आणि मग पावसाने भिजाल आणि ते अंगाला प्लास्टिकसारखं चिकटेल. दुकानात ओळखायचं कसं, तर दोन धागे ओढून काडी लावा. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते, मिसळ असेल तर टोकाला कडक गोळी होते.

आणि आता हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: आधी धुवायचं, मग बेतायचं. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते, आणि धुतला की तो आटतो म्हणजे चांगलाच आटतो, माझ्या अनुभवात मीटरमागे दोन ते तीन इंच. पहिल्या वर्षी मी घाईत सहा बंड्या न धुता शिवल्या, गडावर पाऊस लागला आणि संध्याकाळपर्यंत त्यातल्या दोघांच्या बंड्या बेंबीच्या वर गेल्या, फोटो अजून लोक मला पाठवतात. तर रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी धुण्याचा सोडा टाकून अर्धा-पाऊण तास उकळा, पाणी चहासारखं पिवळं होईल, ते फेकून खळखळून धुवा आणि उन्हात वाळवा. इस्त्री नाही केली तरी चालेल, उलट बरंच.

आता बंडी. माप देते ते ३८ छातीच्या माणसाचं, बाकीच्यांना त्या हिशोबाने कमी-जास्त करा. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ३६ इंची धरलाय, धुतल्यानंतर, म्हणून विकत घेताना थोडा मोठा पन्हा बघा. पाठीचा एक तुकडा २२ इंच रुंद, २८ लांब. पुढचे दोन तुकडे प्रत्येकी साडेअकरा रुंद आणि २८ लांब. बाह्या दोन, १६ चा घेर आणि ११ लांबी, कोपराच्या जरा वर संपतील, काम करणाऱ्या माणसाला तेवढ्याच हव्यात. चौबगले, म्हणजे बगलेत बसवायचे तुकडे, दोन, साडेचार इंचाचे चौरस. आणि ७ बाय २० चा एक तुकडा, तो कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरका कापायचा की दोन कळ्या, म्हणजे पुढच्या तुकड्यांना जोडायचे त्रिकोण, निघतात. हे सगळं धुतलेल्या दीड मीटरमध्ये बसतं, मी कागदावर नाही, फरशीवर कापड पसरून बसवलंय. पाठ आणि एक पुढा शेजारी शेजारी, त्याखाली दुसरा पुढा, त्याच्या बाजूला दोन्ही बाह्या एकाखाली एक, त्यांच्याखाली चौबगले, आणि उरलेल्या जागेत कळ्यांचा तुकडा. कडेच्या ज्या पट्ट्या उरतात त्यात बाराही बंद निघतात. हातात चिंधी राहत नाही. आजोबा म्हणायचे खाली चिंधी पडली तर शिंप्याला बेत आला नाही. गळ्याच्या पट्टीसाठी आणि आटण्यासाठी म्हणून माणशी दोन मीटर आणा.

कळी जोडताना एक गोम आहे. कळीला एक कड सरळ धाग्यावर असते आणि एक उरेब, म्हणजे तिरकी कापलेली. मनात येतं की सरळ कड पुढ्याला जोडावी आणि उरेब कड बाहेर ठेवावी, शिवायला ते सोपंही जातं, पण उरेब कड बाहेर राहिली की चार तासांत ताणते आणि बंडीचा पुढा कुत्र्याच्या कानासारखा लोंबतो. म्हणून उलटं करायचं, उरेब कड पुढ्याच्या सरळ कडेला टाचायची, न ओढता, मशीनवर तर अजिबात न ओढता, आणि सरळ कड बाहेर. खाली थोडं टोक जास्त येईल ते कापून टाका. कळीचं निमुळतं टोक वर, खांद्यापासून साधारण ८ इंच खाली सुरू होतं, आणि गळा खांद्यावर मध्यापासून ३ इंच सोडून तिथपर्यंत तिरका कापायचा. म्हणजे गळ्यापासून खालपर्यंत एकच तिरकी रेघ दिसते आणि एक पुढा दुसऱ्यावर व्यवस्थित चढतो.

मग चौबगला. सगळी मेख इथे आहे म्हणून सावकाश सांगते. मुंढा गोल कापायचा नाही. बाही म्हणजे सरळ चौकोन, तिचा मध्य खांद्याच्या शिवणीवर ठेवून पाठ-पुढ्याला सरळ शिवायची. आता बाहीची खालची शिवण आणि बंडीची बाजूची शिवण जिथे भेटतात, बरोबर बगलेत, तिथे तो चौरस तिरका, पतंगासारखा बसतो. त्याच्या दोन कडा बाहीच्या दोन बाजूंना आणि उरलेल्या दोन बंडीच्या पाठीला आणि पुढ्याला. पहिल्यांदा करताना डोकं फिरतं, चौथी कड शिवताना कापड भलतीकडेच जातं. तेव्हा आधी कच्चे टाके घाला, अंगात घालून हात वर करून बघा, मग पक्कं शिवा. कोपऱ्यावर टीप नेमकी शिवणीच्या अलीकडे थांबवायची, पुढे गेली की तिथे चुणी पडते आणि मागे राहिली तर भोक. कोपऱ्यांना हाताने दोन-तीन उलट्या टिपा जास्त घाला, फाटतं ते तिथूनच. चौबगला नसेल तर काय होतं ते मुलांना लाठी फिरवायला सांगा म्हणजे दिसेल, पहिल्याच फिरवण्यात टर्र.

बंद बारा, म्हणजे सहा जोड्या. पट्टी सव्वा इंच रुंद आणि ८-९ इंच लांब, दोन्ही कडा आत दुमडून परत दुमडायची आणि हाताने धावदोरा. मी दोन जोड्या आतल्या बाजूला लावते, आतला पुढा धरून ठेवायला, आणि चार बाहेर. कुठली बाजू वर? जुन्या चित्रांत झग्याचे बंद हिंदूंचे डाव्या बगलेखाली आणि मुसलमानांचे उजव्या बगलेखाली दाखवतात, त्या काळात माणूस ओळखायची ती एक खूण होती. म्हणून मावळ्याची बंडी मी डावीकडे बांधते. पण हेही ध्यानात ठेवा की स्वराज्याच्या फौजेत मुसलमानही होते, तेव्हा १५ च्या १५ बंड्या एकाच बाजूला बांधल्या नाहीत तरी कुणी तुम्हाला चूक म्हणू शकणार नाही.

मशीन चालेल का? आतल्या लांब शिवणी मशीनने मारा, बिनधास्त. तुम्ही १८ जणांचे कपडे हाताने शिवायला बसलात तर पुढच्या वर्षीचा ६ जून उजाडेल. पण डोळ्याला दिसतं ते सगळं हाताने, म्हणजे गळ्याची पट्टी, बाहीची आणि खालची दुमड, बंद, ठिगळं. मशीनची टीप तीन फुटांवरून कळते, सरळ, मुकी, एकसारखी. दोरा सुती, मेणावरून ओढलेला. पॉलिएस्टर रीळ वापरणार असाल आणि कपडा नंतर रंगवणार असाल तर सावधान, कापडाला रंग चढेल आणि दोरा पांढराच राहील, काळ्या पाटीवर खडूची रेघ मारल्यासारखा.

खाली काय? धोतर नेसता येत असेल तर सोलापुरी पंचा, आखूड, गुडघ्याच्या वर, काचा मारून. लंगोटी जास्त खरी आहे पण तुमच्यातला कुणी तयार होईल असं वाटत नाही आणि मी आग्रहही करणार नाही. पंचा चढताना सुटतो म्हणून आत मांडचोळणा शिवा, मांडीपर्यंतचा. पायाचे दोन चौकोन, मध्ये आसनाला मोठा चौबगला, तीच युक्ती, फक्त ८-९ इंचाचा, वर नेफा आणि नाडी. इलॅस्टिक घालू नका, दिसत नाही हे खरं, पण पंच्याखाली घामाने काचतं.

मुंडाशासाठी ५ मीटर मांजरपाट आणून मधोमध उभा फाडा. कात्रीने कापू नका, फाडला की धाग्यावर सरळ जातो. दोन मुंडाशी होतात. कड दुमडायची गरज नाही, चार दोरे सुटलेले छानच दिसतात. रेडीमेड शिवलेली टोपीसारखी पगडी मिळते ती कृपा करून नको, आणि सगळ्यांचे एकाच भगव्या रंगाचे फेटे पण नकोत. बाजारातला तो झगझगीत भगवा रासायनिक आहे, आणि पहिला रासायनिक रंग निघाला तोच मुळी १८५६ साली इंग्लंडमध्ये. पंधरा जणांत सात-आठ नुसते कोरे, दोन-तीन राखाडी, दोन-तीन तांबडे, एखादा गेरूने माखलेला असे ठेवा.

तांबडा रंग घरी होतो. एक किलो सुक्या कापडाला हिरड्याची पूड २०० ग्रॅम, तुरटी २०० ग्रॅम आणि मंजिष्ठ अर्धा किलो, सगळं आयुर्वेदिक कच्चा माल विकणाऱ्या दुकानात मिळतं. हिरडा तर मावळातलाच, जुन्नर-आंबेगावकडे आजही आदिवासी गोळा करून विकतात. हिरड्याची पूड कोमट पाण्यात भिजवून गाळा, कापड त्यात रात्रभर ठेवा, पिळून न धुता वाळवा. मग तुरटीच्या पाण्यात रात्रभर, परत वाळवा, हलकंसं विसळा. मंजिष्ठ आदल्या दिवशी भिजत घालून ठेवायची, मंद आचेवर पातेलं चढवायचं आणि तासभर कापड हलवत राहायचं. पाणी हाताला सोसवणार नाही एवढं गरम, पण उकळी नाही. उकळी आली की तांबड्याचा तपकिरी झालाच. पातेलं स्टीलचं घ्या. मी एकदा मोठं भांडं नाही म्हणून लोखंडी कढईत केलं आणि सगळी मुंडाशी वांग्याच्या भरताच्या रंगाची निघाली, कारण हिरडा आणि लोखंड भेटले की काळं होतं. पण त्यातूनच राखाडी सापडला. गंजके खिळे, गूळ आणि पाणी मडक्यात झाकून पंधरा दिवस ठेवा, वास येतो, गच्चीवर ठेवा. हिरड्यात भिजवलेलं सुकं कापड त्या पाण्यात नुसतं बुडवून काढलं तरी डोळ्यांदेखत राखाडी होतं. दोनदा बुडवा, अजून काळपट. फार वेळ ठेवू नका, लोखंडाने सूत कुजतं. आणि ही दोन्ही कामं वेगळ्या दिवशी, वेगळ्या बादलीत करा.

घोंगडी विकत घेण्याच्या भानगडीत पडू नका, खरी हातमागाची लोकरी घोंगडी तुमच्या बजेटच्या बाहेर आहे आणि स्वस्तात मिळते ती बहुतेक मिलची असते. गावाकडे कुणाच्या तरी माळ्यावर असतेच, मागून आणा. तिला कापायचं नाही, शिवायचं नाही, पिन लावायची नाही, खांद्यावर टाकायची आणि पाऊस आला की एक कोपरा आत दुमडून डोक्यावर खोळ करायची. नवीन असेल तर चिंचोक्याच्या खळीमुळे पुठ्ठ्यासारखी कडक असते, पहिल्या पावसात मऊ पडते आणि मेंढराचा वास सुटतो, त्याला इलाज नाही.

मुलींसाठी थोडक्यात, कारण तुम्ही जेमतेम एका ओळीत विचारलंय. शिवलेली नऊवारी, ती पायजम्यासारखी चढवायची, ती नको. आजीच्या ट्रंकेतलं साधं सुती लुगडं काढा आणि आजीकडूनच नेसून घ्या, कामाला जाताना नेसायची तसं, आखूड, काष्टा घट्ट मारून. चोळी हुकाची नाही, पुढे गाठ मारायची, खणाची मिळाली तर उत्तम नाहीतर राखाडी रंगवलेला मांजरपाट चालतो. बगलेत चौबगला तोच, ३ इंचाचा. चोळीला बंडीसारखी ढील नसते म्हणून तिघींची मापं वेगवेगळी घ्या आणि आधी जुन्या चादरीत एक कच्ची शिवून बघा.

शिवून झाल्यावर नवेपणा घालवायचा. बंडी ओल्या फरशीवर घासा, चार वेळा धुवा, एक दिवस शेतात घालून जा. खांद्यावर, जिथे ओझं घासतं तिथे, आणि कोपराजवळ दुसऱ्या रंगाच्या तुकड्याची ठिगळं लावा, गोधडीसारखा धावदोरा घालून. गुडघ्यावर ठिगळ नको, गुडघा उघडाच आहे, हे सांगायला लागतं कारण गेल्या वर्षी एका ग्रुपने पंच्याला गुडघ्यावर ठिगळ लावलेलं मी पाहिलंय. चप्पल साध्या चामड्याच्या वहाणा घ्या, पण पावसात रायगडाच्या पायऱ्या शेवाळतात, तेव्हा चांभाराकडून खाली टायरचा तळ मारून घ्या. तळ कुणी बघत नाही.

राहिला मोबाईल. बंडीला खिसा लावायचा नाही. उरलेल्या रंगीत तुकड्यांची चंची शिवा, पानतंबाखूची असते ना तशी, कप्प्याकप्प्याची, दोरी गुंडाळून कमरेला खोचायची, त्यात फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून बसतो. खरं तर सुरुवात चंचीपासूनच करा. धावदोरा, दुमड, बंद, सगळं त्यात येतं, वाया गेली तर वीतभर कापड जातं, आणि ग्रुपमध्ये कोणाचा हात सुईला बसतो ते एका रविवारात कळेल, त्यांनाच मग चौबगल्याला बसवा.